दुपारी साडेबाराला लायब्ररीत

आईला पहिल्यांदा आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, लायब्ररीत घेऊन गेले ते 2016 च्या जुलैमध्ये. दार ढकलून आत शिरलो आणि ती थबकलीच. आत सोललेल्या संत्र्याचा वास येत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवर पाटी शोधली (जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं काढलेली बाई, कुठंही गेली की आधी पाट्या वाचते) आणि हळूच विचारलं, "अगं, इथं खायला परवानगी आहे?"

तिचं बरोबरच होतं. आमच्याकडे संगमनेरला वाचनालयात शिरायचं म्हणजे चपला बाहेर, आवाज बाहेर आणि खिशातली चिंचसुद्धा बाहेर. आणि इथं बालविभागाला लागून असलेल्या खोलीत चाळीसेक पोरं लांब टेबलांवर बसून जेवत होती, कुणाच्या हातात सँडविच, कुणाच्या हातात गाजराचे तुकडे, एक छोटा दुधाचं खोकं उघडायला दातांनी झटत होता, आणि लायब्रेरियन बाई एका हातात गोष्टीचं पुस्तक धरून दुसऱ्या हातानं सांडलेलं दूध पुसत होत्या. मी तिथं त्या उन्हाळ्यात आठवड्यातून तीन दिवस व्हॉलंटियर म्हणून जायचे. आईला म्हटलं, बस इथं कोपऱ्यात, मी तासाभरात मोकळी होते. ती बसली, पण तिचं लक्ष पुस्तकांकडे नव्हतंच, ती पोरांच्या ताटांकडे बघत होती.

थोडं मागं जाते.

2013 मध्ये आम्ही फिलाडेल्फियाजवळच्या या गावात आलो तेव्हा माझा व्हिसा डिपेंडंटचा. नोकरी करायची परवानगी नाही, गाडीचं लायसन्स नाही, पदरात दीड वर्षाची मुलगी आणि नवरा सकाळी आठला जो जायचा तो संध्याकाळी सातला यायचा. आमच्या अपार्टमेंटपासून पायी जाण्यासारखं एकच दुकान होतं, कोपऱ्यावरचं, तिथं चिप्स, सोडा, पाव, सिगारेटी, लॉटरीची तिकिटं आणि काउंटरवर एका टोपलीत काळी पडत आलेली चार केळी. भाजी हवी तर सुपरमार्केट, आणि सुपरमार्केटला जायचं तर बाबागाडी घडी करून दोन बस बदलायच्या. शनिवारी नवरा गाडी काढायचा तेव्हा आठवड्याची भाजी यायची, बुधवारपर्यंत ती संपायची, आणि बुधवार ते शनिवार आम्ही बटाटे खायचो. आमच्याकडे निदान शनिवारची गाडी होती. बसस्टॉपवर माझ्याशेजारी दोन मुलं आणि सहा पिशव्या घेऊन उभ्या राहणाऱ्या बायकांकडे तीही नव्हती. अशा भागाला इथं फूड डेझर्ट म्हणतात हे मला नंतर कळलं. वाळवंट म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं तसं काही नसतं हो तिथं, चांगले डांबरी रस्ते असतात, झाडं असतात, फक्त पायी जाऊन एक जुडी पालक मिळत नाही.

पायी जाण्यासारखी दुसरी जागा म्हणजे लायब्ररी. पंचवीस मिनिटं. पहिल्या दिवशी कार्ड काढायला पत्त्याचा पुरावा मागितला, माझ्या नावावर काहीच नव्हतं, ना वीजबिल ना बँकेचं पुस्तक. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तुझ्या नावानं आलेलं एखादं पत्र आहे का? पर्समध्ये आईनं पाठवलेल्या राखीचा लिफाफा होता, भावासाठीची राखी तिनं भलत्याच हौसेनं माझ्या पत्त्यावर पाठवलेली. वरचे इंडियन पोस्टाचे शिक्के त्यांनी जरा निरखून पाहिले आणि कार्ड हातात दिलं. या देशात माझ्या एकटीच्या नावानं मिळालेली ती पहिली वस्तू. डिपॉझिट नाही, वर्गणी नाही. मी रस्त्यात दोनदा पर्स उघडून ते पाहिलं.

मग रोजचंच झालं. मुलीला बालविभागात सोडायचं आणि मी 641.5 च्या कपाटाशी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, लायब्ररीत विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावायची जी ड्युई पद्धत, तिच्यात स्वयंपाकाची पुस्तकं 641.5 ला असतात आणि भाजीपाला लावायची 635 ला. इथल्या अनोळखी भाज्यांची नावं मी तिथं शिकले. केल म्हणजे काय, कोलार्ड म्हणजे काय, आणि त्या कोलार्डची आपल्या पद्धतीनं लसूण-मिरची घालून केलेली भाजी भाकरीबरोबर किती छान लागते हे मी स्वतःच शोधून काढलं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

2015 च्या जूनमध्ये दारावर कागद लागला, उन्हाळी सुट्टीत मुलांना मोफत जेवण, वय 18 पर्यंत, सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेबारा. आणि खाली ठळक अक्षरांत, नावनोंदणी नाही, ओळखपत्र नाही. मला वाटलं काहीतरी अट असेलच. बाईंना विचारलं, काय लागतं? त्या म्हणाल्या, भूक.

ही योजना लायब्ररीची नाही, केंद्र सरकारची आहे, शेतीखात्याची. अमेरिकेत शाळेत जेवण द्यायचा कायदा 1946 चा, पण शाळा जून ते ऑगस्ट बंद असते आणि जे पोर वर्षभर शाळेत जेवतं त्याचं पोट काही सुट्टीवर जात नाही, म्हणून 1968 पासून उन्हाळ्याच्या जेवणाचा प्रयोग सुरू झाला आणि 1975 मध्ये तो स्वतंत्र कार्यक्रम झाला. ज्या वस्तीत निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं फुकट किंवा सवलतीच्या शालेय जेवणाला पात्र आहेत तिथं ओपन साइट काढता येते, आणि ओपन साइट म्हणजे येईल त्या मुलाला ताट, मग बाप डॉक्टर असो नाहीतर तुरुंगात असो. ताटात काय असायला हवं हे ठरलेलं, दूध, दोन वेगवेगळी फळं किंवा भाज्या, धान्याचं काहीतरी, आणि मांस किंवा त्याऐवजी चीज, अंडं, बीन्स वगैरे.

पण ताट ठेवायचं कुठं हा प्रश्न उरतोच. शाळा बंद. चर्चमध्ये ठेवलं तर दुसऱ्या धर्माचे बिचकतात, सरकारी ऑफिसात ठेवलं तर ज्यांचे कागद धड नाहीत ते फिरकतच नाहीत. लायब्ररी मात्र एसी लावून उघडी असते आणि तिथं जाताना कुणाला कारण द्यावं लागत नाही. कॅलिफोर्नियात 2013 पासून हे राज्यभर नीट संघटित झालं, लंच ॲट द लायब्ररी नावानं. अमेरिकेत मॅकडॉनल्ड्सच्या दुकानांपेक्षा सार्वजनिक लायब्ऱ्या जास्त आहेत, शाखा धरून सतरा हजारांच्या आसपास. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं.

व्हॉलंटियर व्हायला मात्र कागद लागले, पेनसिल्व्हेनियात मुलांबरोबर काम करायचं तर पोलीस व्हेरिफिकेशनसारखं सगळं करून घ्यावं लागतं, आणि ते बरोबरच आहे. माझं काम होतं मोजायचं. एक छापील कागद असतो, त्यावर 1 पासून पुढे आकडे. एका मुलाच्या हातात ताट गेलं की एक आकडा खोडायचा. बस. नाव लिहायला रकानाच नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं एका मुलीला विचारलं, व्हॉट्स युअर नेम, तर ती ताटापासून एक पाऊल मागं सरली. आठ-नऊ वर्षांची असेल. मी घाईघाईनं म्हटलं, नाही नाही, असंच विचारलं, घे तू. तिनं ताट घेतलं, पण त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसली. मला अजून त्या प्रश्नाची लाज वाटते. नंतर मी कुणालाच नाव विचारलं नाही. ज्यांना सांगायचं होतं त्यांनी आपणहून सांगितलं, बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

आईनं त्या दिवशी कोपऱ्यातून नेमकं हेच पाहिलं. घरी येताना रस्त्यात म्हणाली, "तू नुसते आकडे खोडत होतीस, हजेरी कुठं होती?"

म्हटलं, हजेरी नसतेच.

ती बराच वेळ गप्प चालली. मग बोलायला लागली. 1995 ला शाळेत पोषण आहार सुरू झाला तेव्हा शिजवून नाही, महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा पोरांना, आणि तोही 80 टक्के हजेरी भरली तर. आई पठार भागातल्या शाळेत होती, तिथं पावसाळ्यात ओढा आला की वाडीवरची पोरं यायचीच नाहीत, कांदे काढायला लागले की मोठ्या पोरी गायब. महिनाअखेरीला ती हजेरीपट घेऊन बसायची आणि एखाद्या पोराचे 76 टक्के भरायचे. "मग?" मी विचारलं. "मग काय," ती म्हणाली, "पेन माझ्याच हातात होतं." एवढंच. माझी आई, जिनं मला परीक्षेत शेजारणीचं बघितलं म्हणून अख्खा दिवस उपाशी ठेवलं होतं, तिनं सरकारी हजेरीपटात खोटी हजेरी लावली होती, आणि हे तिनं वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही.

पुढं खिचडी आली, शाळेतच शिजायला लागली, तेव्हा ते टक्क्यांचं प्रकरण संपलं. आणि सुप्रीम कोर्टानं 2004 च्या एप्रिलमध्ये सांगितलं की दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मुलांना शाळेत जेवण द्या. 2013 च्या उन्हाळ्यात, म्हणजे मी इकडं यायच्या तयारीत होते त्याच मे महिन्यात, आई रोज टोपी घालून खिचडी वाटायला शाळेत जात होती आणि मी घरी चिडचिड करत होते की माझी पॅकिंग कोण करणार. टँकरनं आलेल्या पाण्यात शिजलेली खिचडी. ती म्हणाली, सुट्टी आहे म्हणून पोरं बुजायची, दप्तर नाही, गणवेश नाही, नुसतं खायला शाळेत जायचं याचा त्यांना संकोच वाटायचा, मग मी फळ्यावर काहीतरी लिहून ठेवायची, एखादं कोडं, एखादी कविता, म्हणजे त्यांना वाटावं की आपण शिकायला आलोय. मी ऐकतच राहिले. आमच्या लायब्ररीत ताटं मांडायच्या आधी अर्धा तास गोष्ट वाचतात ते याच्यासाठीच. गोष्ट ऐकायला आलेलं पोर जेवून जातं. बाहेर कुणी विचारलं कुठं गेला होतास, तर लायब्ररीत.

सगळं गोड नव्हतं. सगळ्यात जाचक नियम म्हणजे जेवण तिथंच बसून खायचं, घरी न्यायचं नाही, आणि मोठ्यांना द्यायचं नाही. नियम मुलांचं अन्न मुलांच्याच पोटात जावं म्हणून केलेला, कारण समजतं मला, पण समोर बघवत नाही. एखादी आई पोराला घेऊन यायची, पोर जेवायचं आणि ती शेजारी बसून फोनकडे बघायची. पोर सफरचंदाचा अर्धा तुकडा तिच्यापुढे धरायचं, ती मान हलवायची, खा तू, मला भूक नाही. "मला भूक नाही" हे वाक्य कुठल्याही भाषेत कसं म्हणतात ते मला त्या खोलीत कळलं, स्पॅनिशमध्ये, बंगालीत, इंग्रजीत, आवाज एकच. एका कोपऱ्यात शेअर टेबल असतं, मुलांनी न उघडलेलं दूध, न खाल्लेलं फळ तिथं ठेवायचं आणि दुसऱ्या मुलानं घ्यायचं, पण तेही मुलांसाठीच. दुसऱ्या वर्षी लायब्ररीच्या मित्रमंडळानं जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून आयांसाठी वेगळी ताटं विकत घेतली, रोज पंधरा. त्या पंधरासाठी मी किती पुस्तकं वाहिली असतील, माझ्या पाठीला आठवतंय.

2020 च्या कोविडात लायब्ऱ्या बंद झाल्या आणि गंमत बघा, त्या वेळी तो बसून खायचा नियम सरकारनं बाजूला ठेवला, पालकांनी यायचं, पिशवी घ्यायची, जायचं. म्हणजे करता येत होतं. नंतर नियम परत आला. 2023 पासून खेड्यापाड्यातल्या साइट्सवर घरी न्यायची मुभा आहे, आमच्यासारख्या ठिकाणी नाही.

ताट देणं हा एक भाग झाला. फिलाडेल्फियाच्या मुख्य लायब्ररीत, 1927 ची ती दगडी खांबांची मोठी इमारत, तिच्या चौथ्या मजल्यावर 2014 मध्ये चक्क स्वयंपाकघर उघडलं, हॉटेलात असतं तसं, मोठाल्या शेगड्या, स्टीलचे ओटे. कलिनरी लिटरसी सेंटर म्हणतात. तिथं नव्यानं आलेल्या परदेशी लोकांना स्वयंपाक करत करत इंग्रजी शिकवतात, म्हणजे चिरणं, किसणं, ढवळणं, उतू जाणं हे शब्द हातानं शिकायचे. पाककृतीतला पाऊण कप म्हणजे अपूर्णांकाचा धडा, पाकिटावरचं लेबल म्हणजे वाचनाचा धडा. आईला मी तिथं घेऊन गेले होते. ती काचेतून बघून म्हणाली, आम्ही चौथीला अपूर्णांक शिकवायला भाकरी मोडायचो.

आणि बाल्टिमोरचं मला फार आवडतं. तिथल्या आरोग्य खात्यानं 2010 मध्ये एक साधी गोष्ट केली, ज्या वस्त्यांत सुपरमार्केट नाही तिथल्या लायब्ररीच्या शाखेत कॉम्प्युटरवर किराणा आणि भाजीची ऑर्डर द्यायची, रोख द्या नाहीतर गरिबांना किराण्यासाठी मिळणारे सरकारी फूड स्टॅम्प द्या, दुसऱ्या दिवशी पिशवी लायब्ररीत येणार, डिलिव्हरीचा खर्च नाही. सहा पिशव्या घेऊन बसस्टॉपवर उभ्या राहणाऱ्या त्या बायका मला आठवल्या. कुणीतरी त्यांच्या हातांचा विचार केला होता.

आता बियाण्यांचं सांगते, कारण आईचा जीव तिथं अडकला.

इकडं यायच्या आधी तिनं फोनवर विचारलं होतं, गावठी घेवड्याच्या बिया आणू का रुमालात बांधून? मी घाबरून नाही म्हटलं. लावायच्या बिया परवान्याशिवाय आणता येत नाहीत, एअरपोर्टवर काढून घेतात, वर दंड. ती हिरमुसली. आणि इथं लायब्ररीत काउंटरच्या मागं जुनं कॅटलॉगचं कपाट, ते छोट्या छोट्या ड्रॉवरचं, पितळी कड्यांचं, ज्यात पूर्वी पुस्तकांची कार्डं असायची, त्यात आता बियांच्या पुड्या होत्या. बी न्यायचं, लावायचं, खायचं, आणि एखादं झाड राखून त्याचं बी सुकवून परत आणून द्यायचं. जमलं तर. नाही जमलं तर दंड नाही. कॅलिफोर्नियातल्या रिचमंडच्या लायब्ररीत 2010 पासून हे सुरू आहे, तिथं तर ड्रॉवरवर लिहिलेलं असतं की कुठलं बी धरायला सोपं, कुठलं अवघड. वाटाणा, घेवडा, टोमॅटो सोपे, स्वतःच्याच परागावर भागतं त्यांचं. भोपळा अवघड, शेजारच्या भोपळ्याशी संकर होतो आणि पुढच्या वर्षी वेगळंच काहीतरी उगवतं. आई म्हणाली हे आम्हाला कुणी लिहून द्यावं लागलं नव्हतं, पण लिहिलेलं असलेलं बरं.

यातही कायदा आडवा आलाच. आमच्याच राज्यात मेकॅनिक्सबर्गच्या लायब्ररीला 2014 मध्ये राज्याच्या शेतीखात्यानं कळवलं की बियाणे कायद्यात हे बसत नाही, तपासणी न झालेलं बी वाटता येणार नाही, मग त्यांना कंपनीच्या त्या वर्षीच्या पाकिटांवर भागवावं लागलं. नंतर 2015-16 मध्ये मिनेसोटा, नेब्रास्का, कॅलिफोर्निया अशा राज्यांनी आपापले कायदे बदलून बियांच्या लायब्ऱ्यांना वाट करून दिली. विकायच्या बियांचा कायदा, उसन्या द्यायच्या बियांना लावायला निघालेले, मला तेव्हा खरंच राग आला होता.

आईनं त्या ड्रॉवरमधून घेवडा नेला. आमच्या बाल्कनीत लावला, काठी म्हणून मोडक्या छत्रीचा दांडा. सप्टेंबरात शेंगा आल्या, त्यांची तिनं दाण्याचं कूट घालून भाजी केली, आणि एका वेलावरच्या शेंगा तशाच वाळू दिल्या. जायच्या आदल्या दिवशी लायब्ररीत जाऊन त्या बिया स्वतः परत केल्या. पाकिटावर काय लिहू, तिनं विचारलं. मराठीतच लिही म्हटलं. तिनं लिहिलं, घेवडा, चवीला चांगला.

गेल्यावर तिनं एक केलं. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत असतीलच, शाळेची पायरी न चढता गावठी बियाण्यांची बँक उभी करणाऱ्या, 2020 ची पद्मश्री मिळालेल्या. आई त्यांच्याकडे जाऊन आली, वाल आणि घेवड्याचे वाण बघून आली. आणि मग आमच्या गावच्या वाचनालयाच्या मंडळींच्या मागं लागली. महाराष्ट्रात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, दहा हजारांहून जास्त मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत, गावोगावी, आणि त्यातली कितीतरी दुपारभर पेपर वाचणाऱ्या चार म्हाताऱ्यांशिवाय रिकामी असतात, तुटपुंज्या अनुदानावर तिथला माणूस कसाबसा दार उघडून बसतो. बायका तर आत फार येतच नाहीत. समितीतले एक काका म्हणाले, बाई, पुस्तकांना उंदीर कमी लागतात का, की आता बियाणं ठेवता? आईनं पत्र्याचे घट्ट झाकणाचे बिस्किटांचे डबे नेऊन दिले, राखेत घोळलेलं बी, आत कडुलिंबाचा पाला. मासिकांच्या रॅकखाली बसतात चार डबे. घेवडा, वाल, दोडका, डांगर.

परवा तिनं व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो पाठवला. दोनशे पानी वही, तिच्याच हातानं आखलेली, तेच शाळेतलं वळणदार अक्षर. रकाने तीन. बियाणं, किती नेलं, किती परत आलं. मी फोटो मोठा करून बघितला, नावाचा रकाना कुठंच नव्हता. फोन करून म्हटलं, आई, अगं कोण नेतं ते कसं कळणार? तर म्हणाली, कळून काय करायचंय, दोडका वीस नेला होता, साठ परत आलाय, आणि गेल्या महिन्यात सात बायका आल्या, त्यातल्या दोघींनी जाताना पुस्तकं पण नेली, फोन ठेव, मला डबे उन्हात घालायचेत.